तीन तास, पंधरा तास

डॉक्टर हो म्हणाले, असं आई फोनवर म्हणाली तेव्हा ती बसथांब्यावर उभी होती. एका हातात डबा, दुसऱ्या हातात छत्री आणि फोन कान नि खांदा यांच्यामध्ये कसाबसा दाबून धरलेला. आधी तिला बरंच वाटलं. गेल्या तीन महिन्यांत या डॉक्टरांनी कशालाच हो म्हटलं नव्हतं. जिना नको, फार वेळ उभं राहणं नको, पाय लोंबकळत ठेवून बसणं नको. आईच्या डाव्या पोटरीत रक्ताची गुठळी झाली होती. औषधांनी ती विरघळली असं सगळे म्हणत होते, पण पुन्हा होणार नाही असं कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. "म्हणजे येऊ देतायत तुला?" तिने विचारलं. "देतायत म्हणजे काय, चिठ्ठी लिहून दिलीय," आई म्हणाली. "आधी नाहीच म्हणत होते. चार तासांच्या वर एका जागी बसायचं नाही, विमानात तर नाहीच नाही. मी काही वादच घातला नाही. सरळ तुझं पान काढून त्यांच्यापुढे धरलं." "कुठलं पान?" "अगं, तुमच्या कंपनीचं. इथला विमानतळ ते तिथला विमानतळ, प्रवासाचा वेळ तीन तास. म्हटलं, माझ्या मुलीनेच लिहिलंय हे, तिचं कामच आहे ते. बाहेर वीस माणसं ताटकळत बसलेली, ते तरी किती डोकं घालणार? दिली चिठ्ठी. परवा सकाळी दहाचं विमान आहे, एकला तुझ्याकडे. ऐकतेयस ना, ठकू?"

ठकू ऐकत होती. वय वर्षं सेहेचाळीस, पण आईच्या तोंडी ती अजून ठकूच होती. बस आली, दार उघडलं, ती चढली, तिकीट दाखवलं, खिडकीपाशी बसली आणि या सगळ्यात आपण फोनवर "बरं, मी दुपारी करते" असं काहीतरी बोललो हे तिला फोन बंद झाल्यावर आठवलं. समोरच्या बाकावरचा माणूस एक पाय दुसऱ्यावर टाकून पेंगत होता. त्याची पोटरी पँटखाली दाबली गेली होती आणि ती तिकडेच बघत राहिली. त्याला उठवून सांगावंसं वाटलं, अहो, पाय सरळ करा. मग तिच्या स्वतःच्याच डाव्या पोटरीत काहीतरी ओढल्यासारखं व्हायला लागलं. तिने पाय ताणला, बोटं वर केली, खाली केली. तीन तास. दहाला निघायचं, एकला पोचायचं. तिकिटावर तसंच छापलेलं असतं आणि तिकीट खोटं बोलत नाही. फक्त दहा हे आईच्या गावचे असतात आणि एक हा हिच्या गावचा. मध्ये सहा तासांचा फरक आहे. आई तिच्या घड्याळाने दहाला बसते तेव्हा इथे पहाटेचे चार असतात. चार ते एक म्हणजे नऊ तास. उलट्या बाजूने तेच: इथून दुपारी दोनला निघालं की तिथे दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला, घड्याळाने पंधरा तास, बसून राहायचे मात्र नऊच. शाळेतल्या पोराला समजेल एवढी साधी गोष्ट. ती मात्र एका पानावर, एका नोकरीच्या पहिल्या वर्षात, चुकली होती, आणि ती चूक आता डॉक्टरांच्या चिठ्ठीवर जाऊन बसली होती.

ऑफिस चौथ्या मजल्यावर होतं. एक लांबट खोली, दोन रांगांत टेबलं, कोपऱ्यात कॉफीचं मशीन, जे रोज सकाळी पहिला कप पाण्याचाच देतं. प्रवाशांसाठी माहिती देणारी ही कंपनी. तिच्या संकेतस्थळावर जगातल्या कुठल्याही दोन विमानतळांची नावं टाका, मधलं अंतर किती, पोचायला वेळ किती, हे एका पानावर येतं. आता ते सगळं यंत्र काढतं. तिच्याकडे काम उरलं होतं ते तक्रारींचं. कुणी लिहायचं, तुम्ही दिलेल्या अंतरात अकरा किलोमीटर कमी आहेत. कुणी लिहायचं, तुमच्यावर विसंबून माझं पुढचं विमान चुकलं. ती प्रत्येक पान उघडून बघायची आणि शेरा मारायची. ऑफिसात सगळे तिला अंतरबाई म्हणत. हे नाव ठेवलं होतं शेजारच्या टेबलावरच्या नकाशेवाल्याने. तो दिवसभर निळ्या पडद्यावर वाकड्या रेषा ओढत बसायचा आणि त्याला वाटायचं की आपण फार विनोदी आहोत. सुरुवातीच्या काळात मात्र यंत्र नव्हतं. तेव्हा तिच्यासारख्या चौघी-पाचजणींनी विमानांची वेळापत्रकं पुढ्यात घेऊन काहीशे पानं हाताने भरली होती. त्यांना अजून हाताची पानं म्हणत. यंत्र त्यांना हात लावत नसे. त्यांच्या कोपऱ्यात एक छोटं कुलूप दिसे आणि ज्याने पान भरलं त्यालाच ते उघडता येई. बाकीच्या सगळ्याजणी नोकरी सोडून गेल्या, त्यांची पानं हळूहळू यंत्राकडे गेली. कुलपाची पानं आता फक्त तिची उरली होती. त्यातलं एक ती गेली अकरा वर्षं न उघडता सांभाळत होती.

तिने ते समोर आणलं. अंतर सात हजार एकशे चाळीस किलोमीटर. जाण्याचा वेळ तीन तास. येण्याचा वेळ पंधरा तास. एवढं ढळढळीत की आंधळ्यालाही दिसावं, पण लोक पान वाचतात, भागाकार करत बसत नाहीत. खाली तक्रारींची यादी होती. एकूण तीन. पहिली कुणा विद्यार्थ्याची, दुसरी आपलं नाव न सांगणाऱ्या माणसाची, तिसरी गेल्याच वर्षीची, एका बाईंची. बिचारीने फार सभ्यपणे लिहिलं होतं की आपल्याकडून काही नजरचूक झाली असावी. तिन्हींपुढे एकच शेरा होता: तपासले, बरोबर आहे. आणि त्यापुढे हिची सही. तिने तो शेरा तीनदा वाचला. अक्षरं यंत्राची असली तरी ते वाक्य आपल्याच आवाजात ऐकू येतंय असं तिला वाटलं आणि तिने पडदा थोडा खाली वळवला, उगाचच, कारण नकाशेवाला तेव्हा कॉफीच्या मशीनपाशी पाण्याचा कप ओतून टाकत होता.

पहिली तक्रार आली तेव्हा ती दुरुस्त करणारच होती. खरंच करणार होती. पण त्याच आठवड्यात आईचा फोन आला होता, हसत हसत. "तुझं पान बघितलं गं. छान आहे. म्हणजे मला तुझ्याकडे यायला तीन तास आणि तुला माझ्याकडे यायला पंधरा! मग मीच येते की. तू नोकरी सांभाळून पंधरा तास कुठून काढणार?" बाबांना जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. बाबा गेले तेव्हा ती पाच दिवस जाऊन आली होती, आणि निघताना, विमानतळाच्या काचेच्या दारापाशी, आईचा हात धरून म्हणाली होती की मी दरवर्षी येईन. आईने नुसती मान हलवली होती. मग ती आत गेली होती. रांगेतून मागे वळून पाहिलं तेव्हा काचेपलीकडे आई कुणातरी दुसऱ्याच बाईला हात करत होती. तसाच राखाडी कोट, तशीच पाठ. चूक कळल्यावर आई आजूबाजूला बघायला लागली, गर्दीत मुलगी शोधायला लागली, आणि ही आतून हात हलवत राहिली, पण तो आईला दिसला नाही. नंतर विमानात नऊ तास ती फक्त ते बघत बसली होती. पुढे जेव्हा जेव्हा जायची वेळ आली तेव्हा जाण्याआधीच तिला ती काच दिसे. जाणं तिला जड नव्हतं, तिथून निघणं जड होतं. आई इथे आली, महिनाभर राहिली आणि गेली, की ही विमानतळावरून बस पकडून घरी येई, कपडे धुवायला टाकी, दुसऱ्या दिवशी कामावर जाई. निरोप देणाऱ्या माणसाला परत आपल्याच घरी जायचं असतं. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नीटसं नाही. आणि अशात आईने ते वाक्य उच्चारलं, पंधरा तास कुठून काढणार. कुणीतरी मागून हळूच खुर्ची पुढे सरकवावी तसं ते होतं. ती बसली. फोनवर म्हणाली, "हो ना, पंधरा तास म्हणजे दोन दिवस त्यातच जातात." मग तक्रारीपुढे लिहिलं, तपासले, बरोबर आहे.

तेव्हापासून दर वर्षी आईच यायची. अकरा वर्षं, अकरा खेपा. उतरल्यावर दारातून बाहेर येताना तिचं एक वाक्य ठरलेलं असे: "आत्ता बसले नि आत्ता उतरले!" ही हसायची, तिच्या हातातली पिशवी घ्यायची. आई विमानात झोपत असेल, तिला कळत नसेल, असं हिने मनाशी धरून टाकलं होतं. आईचं गणित पहिल्यापासून कच्चं, असंही. ते कुठून आलं होतं कोण जाणे, पण वर्षं गेली तसं पक्कं होत गेलं होतं. पाहुण्यांसमोर ती गमतीने सांगायची, आमच्या आईच्या हिशेबाने जग एका बाजूने उताराचं आहे आणि दुसऱ्या बाजूने चढाचं. लोक हसायचे. आईही हसायची, तिथेच सोफ्यावर बसलेली, सुपारी कातरत.

आता तिला आई विमानात दिसायला लागली. खिडकीची जागा, कारण खिडकीची जागा मिळाली म्हणजे आपल्याला कुणीतरी मान दिला असं तिला वाटतं. शेजारी दोन अनोळखी माणसं. त्यांना उठवायचं नाही म्हणून ती उठत नाही. उठावं लागू नये म्हणून पाणी पीत नाही. हे तिने स्वतःच एकदा सांगितलं होतं, शहाणपणाची युक्ती सांगावी तसं. पहिला तास. दुसरा तास. तिसरा, जिथे डॉक्टरांची चिठ्ठी निवांत आहे. चौथा, जिथे ती चिठ्ठी संपते. मग पाचवा, सहावा, बाहेर सगळं पांढरं, ती मान टाकून झोपलेली, पायांत घातलेले मोजे घोट्यापाशी रुतलेले, आणि आत पोटरीत काहीतरी हळूहळू घट्ट होत चाललेलं. सातवा. आठवा. हिने टेबलाखाली स्वतःचा पाय दोन्ही हातांनी चोळला. मग मन पळवाटा शोधायला लागलं, आणि त्याला त्या पटापट सापडत गेल्या हे बघून तिला स्वतःचीच भीती वाटली. कडेची जागा घेऊन द्यावी. पाय दाबून धरणारे मोजे घ्यायला सांगावं. दर तासाला उठ, असं नुसतं बजावावं, किती तास ते न बोलता. किंवा सरळ सांगावं की मला कामासाठी महिनाभर बाहेर पाठवतायत, आत्ता येऊ नकोस. हे शेवटचं तर आवाजासकट तयार झालं होतं, किंचित दमलेला, किंचित वैतागलेला आवाज. तेवढ्याने सगळं मिटलं असतं. पाय वाचला असता, पानही वाचलं असतं.

"अंतरबाई," नकाशेवाला कप घेऊन परत आला होता, "तब्येत बरी आहे ना? कधीची एकाच पानाकडे बघताय. विमान पडलं की काय?" ती म्हणाली, "हाताचं पान दुरुस्त करायचं असेल तर काय करायचं असतं?" "कुलूप तुमचं, किल्ली तुमची. टिचकी मारा, उघडेल. फक्त एक तक्ता भरावा लागतो. वरच्यांना सगळ्याचं कारण लागतं ना." तो वाकून बघायला लागला. तिला पडदा झाकता आला असता पण तिने झाकला नाही. "सात हजार... तीन तासांत?" तो म्हणाला. "बाई, ही तोफ आहे का? कुणी भरलंय हे?" "मी." तो काहीतरी विनोद करणार होता, तोंड उघडलंही होतं, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "होतं असं. नवीन असताना मी एक अख्खं बेट समुद्रात भलतीकडेच काढलं होतं." आणि आपल्या जागी जाऊन बसला.

तिने कुलपावर टिचकी मारली. तक्ता उघडला. जुना आकडा, नवा आकडा. ते तिने पटकन भरलं, नऊ आणि नऊ. चुकीचं कारण. तिथे लिहिलं, दोन गावांच्या घड्याळांतला फरक धरला नाही. मग शेवटची चौकट. चूक केव्हा लक्षात आली? त्याखाली दिवस, महिना, वर्ष अशी तीन छोटी घरं, आणि यंत्राने आपणहून आजची तारीख भरून ठेवलेली. नुसतं पुढे जा असं दाबलं तरी चाललं असतं. कोण बघणार होतं? तिचा हात तिथे थांबला. खरं उत्तर अकरा वर्षांपूर्वीचं होतं, आणि ते इथे लिहायचं म्हणजे तीन तक्रारींपुढचं ते वाक्य कुणीही येऊन ताडून बघू शकत होतं. पण तिला भीती त्या वरच्यांची वाटत नव्हती. तिला वाटत होतं की आजची तारीख ठेवली तर दुपारी फोनवर आईशीही आपण तीच तारीख बोलू. अगं आई, आजच माझ्या लक्षात आलं बघ, केवढी चूक. आणि आई म्हणेल, असू दे गं. तिने वर्षाच्या घरातला आकडा पुसला आणि घड्याळाकडे बघितलं. बारा वाजून पाच मिनिटं. आईकडे सहा वाजून पाच. हा हिशेब तिला कधी करावा लागत नसे, तो आपोआप व्हायचा, लहानपणापासून.

लहानपणापासून. ती तिथेच अडकली. लहानपणी तिला दोन घड्याळांची काय गरज होती? आणि मग ती खोली तिच्यासमोर आली, इतकी स्पष्ट की जुन्या वायरीचा गरम वासही आला. मोठ्या हॉटेलची टेलिफोनची खोली, जिन्याखालची, बिनखिडकीची. आई तिथे ऑपरेटर होती, सव्वीस वर्षं. समोर भोकांचा मोठा फळा, त्यात दोऱ्यांसारख्या वायरी खोचायच्या, काढायच्या. शाळा सुटली की ही तिथे एका उलट्या खोक्यावर बसून अभ्यास करायची. भिंतीवर दोन घड्याळं होती. एकाखाली आईने कागद डकवला होता, इथे. दुसऱ्याखाली, तिथे. हॉटेलात उतरलेली परदेशी माणसं घरी ट्रंक कॉल मागायची आणि आई मान वर न करता म्हणायची, "आत्ता तिकडे पहाटेचे चार वाजलेत, साहेब. सगळे झोपलेले असतील. अजून तीन तासांनी लावू का?" आठ गावं असोत की दहा, कुठे किती वाजले हे तिच्या जिभेवर असायचं. हिला घड्याळ बघायला तिनेच शिकवलं होतं, त्या दोन घड्याळांवर. "तिथे म्हणजे सहा मागे, ठकू. तू दुपारी जेवायला बसतेस ना, तेव्हा तिथली मुलं डोळे चोळत उठतात." मुलं कुठली, कशी, हे विचारताना हिला मजा वाटायची. आणि आता गेली बारा वर्षं ती त्या दुसऱ्या घड्याळात राहत होती. सहा मागे. तेच घड्याळ, तोच फरक. ज्या बाईने सव्वीस वर्षं परक्या लोकांसाठी हा हिशेब झोपेत केला, तिला तो स्वतःच्या मुलीसाठी जमत नाही, असं आपण मानलं. पाहुण्यांसमोर सांगितलं. तिच्यासमोर सांगितलं. तिचं गणित कच्चं असणं आपल्याला हवं होतं. सोफ्यावर बसून हसणारी आई तिला पुन्हा दिसली आणि या वेळी ते हसू तिला बघवेना.

तिने तिन्ही घरांत अकरा वर्षांपूर्वीची तारीख लिहिली, तिला आठवली तशी, आणि बटण दाबलं. कुलूप गेलं. पान साधं झालं, बाकीच्या हजारो पानांसारखं. नऊ तास, नऊ तास. मग जेवणाच्या सुट्टीची वाट न बघता ती फोन घेऊन बाहेर जिन्यात गेली आणि तिथल्या पायरीवर बसली. चौथ्या घंटीला आईने उचलला.

"आई, नऊ तास लागतात."

मग आई म्हणाली, "हो."

"हो म्हणजे?"

"नऊच लागतात. वारा उलटा असला तर साडेनऊ. दोनदा जेवायला देतात, मध्ये एकदा चहा. तीन तासांत कुणी दोनदा जेवतं का गं?"

"तुला पहिल्यापासून..."

"अगं, माझा जन्म गेला त्यात." आईचा आवाज शांत होता, घरातली एखादी वस्तू कुठे ठेवलीय ते सांगावं तसा. "पान बघितलं तेव्हाच कळलं, पोरीने फरक धरला नाही. म्हटलं, सांगावं. मग म्हटलं, नको, आपणहून सांगेल. आज सांगेल, उद्या सांगेल. पहिली दोन-तीन वर्षं विमानतळावर बाहेर आले की आधी तुझ्या तोंडाकडे बघायचे. मुद्दाम म्हणायचे, आत्ता बसले नि आत्ता उतरले. म्हटलं, आता तरी म्हणेल, काहीतरीच काय आई, नऊ तास झालेत. तू हसायचीस आणि पिशवी घ्यायचीस."

जिन्यात वर कुठेतरी दार आपटलं. तिने कपाळ गुडघ्यावर टेकवलं. "रागावली होतीस?"

"राग..." आई थांबली. "होता. उगाच नाही कशाला म्हणू? पण तुला न येण्यासाठी हे एक मिळालं होतं. ते मी काढून घेतलं असतं तर तू दुसरं शोधलं असतंस. ते काय असतं कोण जाणे. त्यापेक्षा हे बरं होतं. ह्यात निदान कुणाचा दोष नव्हता, घड्याळाचा होता."

"आणि डॉक्टर? पाय? तुला माहीत होतं, तरी तू चिठ्ठी घेतलीस?"

"पुढच्या वर्षी मुळीच सोडणार नाहीत गं मला. म्हटलं, एकदा जाऊन यावं."

"आणि वाटेत काही झालं असतं तर?"

"तर तू आली असतीस," आई म्हणाली आणि हसली. नेहमीसारखं हसायला गेली, पण ते मध्येच राहिलं. हिला आईचा श्वास ऐकू येत होता, जरा भरभर चाललेला, आणि आपण आता रडतोय हेही कळत होतं. रडू आवरेपर्यंत थांबावं असं तिला वाटलं, पण थांबण्यातच अकरा वर्षं गेली होती, म्हणून ती तशीच बोलली. "ते तिकीट रद्द कर. मी येते. उद्या दुपारी दोनच्या विमानाने निघते."

"तुला पंधरा तास लागतील."

"नऊ, आई."

"बरं, नऊ." पलीकडे काहीतरी सरकल्याचा आवाज आला. "दोनला निघालीस म्हणजे परवा पहाटे पाचला इथे. तुझ्या घड्याळाने रात्रीचे अकरा. म्हणजे ऐन झोपेच्या वेळी उतरशील, दिवसभर डोळे मिटतील तुझे. थांब, लिहून घेते. चष्मा आत राहिला. लाइनवर राहा हं."

लाइनवर राहा. त्या जिन्याखालच्या खोलीत दिवसातून शंभर वेळा म्हटलेलं वाक्य, त्याच चालीत. मग रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज. फोन बैठकीच्या खोलीत, चष्मा पलंगाशेजारच्या फळीवर, हे तिला माहीत होतं. मध्ये एक दार आणि बारा पावलं. लहानपणी ती हे अंतर तीन उड्यांत पार करायची. आता तिने पावलं ऐकली. एक पाय टेकत होता आणि दुसरा त्याच्यामागून फरशीवर घासत येत होता. टेकला, घासला. टेकला, घासला. चौथ्या पावलाला आई थांबली. भिंतीला हात लावला असावा. कुठेतरी घड्याळाची टिकटिक चालली होती, घरातलंच. पुन्हा टेकला, घासला. हिने मोजायचं नाही असं ठरवलं तरी मोजणं चालूच राहिलं, दुसरं तिला काही येत नव्हतं. सहा. सात. इथे पुन्हा थांबली, आणि या वेळी बराच वेळ. पाय इतका दुखतोय हे तिने फोनवर कधी सांगितलं नव्हतं आणि परवा हाच पाय ओढत ती पायऱ्या, रांगा, सरकते जिने पार करून येणार होती, काचेच्या दारातून बाहेर येताना मात्र नेमकी सरळ चालत. आठ. जिन्यातल्या पायरीचा गारवा कपड्यांतून आत येत होता. नऊ. खाली कुणीतरी तिला ओलांडून जायला थांबलं होतं, ती सरकली नाही. मग पावलं ऐकू येईनाशी झाली, आतल्या खोलीत काहीतरी पडलं, उचललं गेलं, आणि पुन्हा दुरून, हळूहळू, तोच आवाज फोनच्या दिशेने यायला लागला.

रिसीव्हर उचलल्याची खरखर झाली. आईला धाप लागली होती. "आहेस ना गं लाइनवर?"

"आहे."

"हं, सांग आता. किती वाजता उतरतेस म्हणालीस?"